जीप रतनची, ब्रेक अब्बांचे

माझी नात सना मोटारींच्या शर्यती बघते, परदेशातल्या. तिचा एक लाडका ड्रायव्हर आहे. त्याने मध्यंतरी एका कंपनीची गाडी सोडली आणि दुसरीची धरली. आमच्या बाईसाहेबांनी लगेच जुनी टोपी धुणं-भांड्याच्या मावशींच्या लेकाला देऊन टाकली आणि नव्या कंपनीची टोपी मागवली. मी म्हटलं, "अगं, काल तर त्या गाडीसाठी ओरडत होतीस, आज ती वाईट झाली?" तर म्हणाली, "नानी, टीम कुणाला आठवते? लोक ड्रायव्हरला बघतात." मी विचारलं, मग ती चाकं बदलणारी माणसं कोण? ती म्हणाली, "असतात पुष्कळ. त्यांची तोंडं दिसत नाहीत." तिचं काही चुकलं नाही. तिच्या वयात मीही रतनचंच नाव घेत होते. पण पडद्यावर गाडी वळणावर आली की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि उगाच नळ सोडून उभी राहते. का, ते मी तिला कधी सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

आमचं गॅरेज शहाद्याला, लोणखेड्याच्या रस्त्यावर होतं. पुढे गॅरेज, मागे घर, आणि मधे गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याला ग्रीसचा वास इतका मुरला होता की अम्मी म्हणायची, हा फडका पिळला तर आठवड्याचं तेल निघेल. शेजारच्या वखारीत मिरची यायची. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे पान्ह्यांपेक्षा शिंका जास्त वाजत. अब्बा जीपखाली पडून शिंकायचे आणि डोकं वर आपटायचे, आणि अम्मी भाकरी थापता थापता आतून "अल्ला खैर" म्हणायची. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. अब्बा रागावले की तेवढे हिंदीत जायचे. त्यामुळे हिंदी कानावर आली की मी पडद्याआड पळायची.

तशी मी जात्याच भित्री. जॅक सरकेल आणि गाडी अब्बांच्या छातीवर येईल याची मला भीती, वेल्डिंगच्या ठिणगीची भीती, पेट्रोलच्या डब्याची भीती. माझा थोरला भाऊ युसूफ मला चिडवायचा, "हाई पोर सावलीले बी सलाम करस." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खरंच आहे, मला गॅरेजमध्ये रोज एक नवा सापडायचा. पण एका कामासाठी अब्बांना मीच लागायची. जीपच्या चाकाचे ब्रेक बांधून झाले की ते मला हाक मारत, आणि मी जॅकवर उचललेलं चाक हाताने गरकन फिरवायची. आत लायनर, म्हणजे ब्रेकची घासपट्टी, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जरासा लागला की खर्र असा बारीक आवाज यायचा. तो आवाज आला की अब्बा म्हणायचे, "बस." मग दुसरं चाक. माझे कान तीक्ष्ण आहेत, असं ते म्हणत. भित्र्या माणसाचे असतातच.

त्या काळी तोरणमाळला जायचं तर घाटाच्या पायथ्याशी जीप धरावी लागे. आत माणसं, टपावर माणसं, बंपरवर उभी माणसं, शिवाय कोंबड्या आणि मोहाची पोती. त्या घाटात राजा होता रतन. डोंगरातला पावरा आदिवासी, काळासावळा, किडकिडीत, हसला की सगळा चेहरा हसायचा. लोक रिकामी जीप सोडून देत आणि रतनची येईपर्यंत झाडाखाली बसून राहत. म्हाताऱ्या बाया त्याच्या स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावत. ती जीप आमची होती, अब्बांनी मोडक्या सांगाड्यातून उभी केलेली. बॉनेटवर आमच्या गॅरेजचं नाव पिवळ्या रंगात मोठं लिहिलेलं होतं. पण तिला कोणी आमची म्हटलेलं मी ऐकलं नाही. रतनची जीप, रतनचा हॉर्न, रतनचे ब्रेकसुद्धा! अम्मी म्हणायची, "ज्याना हातमा ससा, तो पारधी." अब्बा हसायचे. त्यांना तेव्हा हसू येत असे.

जत्रा आटोपली, घाट मोकळा झाला की जीपवाल्यांची शर्यत होई. पायथ्यापासून वर, तळ्याला वळसा, आणि पुन्हा खाली. रस्ता असा की दोन गाड्या शेजारून पळूच शकत नाहीत. म्हणून एक जीप आधी सोडायची. मग एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने विडी पेटवायची. ती विडी संपली की दुसरी जीप सोडायची. खाली येताना मागच्याने तेवढं अंतर कमी केलं तर तो जिंकला, वाढलं तर पुढचा जिंकला. आणि एक रीत होती, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ज्या मिस्त्रीने गाडी बांधली, त्याने डावीकडच्या सीटवर बसायचं. गाडीची हमी म्हणून. तुझ्या हातावर तुझा भरवसा असेल तर तुझा जीवही त्याच गाडीत राहू दे, असा त्याचा अर्थ. अब्बा दर वर्षी रतनच्या शेजारी बसून जात आणि धुळीने पांढरे होऊन परत येत. लोक रतनला खांद्यावर घेत. अब्बा दुसऱ्या बाजूने उतरून बॉनेट उघडत आणि इंजिनवर वाकत, जसं काही घोड्याच्या कपाळावरून हात फिरवावा. मीसुद्धा रतनभाऊंच्याच मागे पळायची. अब्बा तर घरी रोजच दिसायचे.

मग नंदुरबारच्या एका शेठने नवी कोरी जीप घेतली, आणि ती शर्यतीसाठी बांधायला भिकाभाऊ मिस्त्रीला दिली. भिकाभाऊ म्हणजे अब्बांचा जुना वैरी. दोघं लहानपणी एकाच उस्तादाकडे शिकले होते, आणि तेव्हापासून एकमेकांच्या कामाला नावं ठेवण्यात दोघांचाही दिवस चांगला जायचा. रतन एके दुपारी आमच्याकडे आला. नेहमीसारखा डोंगरावरून चारोळीची पुडी घेऊन आला, नेहमीसारखा गोणपाट बाजूला करून थेट आत आला, पण बसला मात्र उंबऱ्याजवळ. अम्मीने ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती आणि मटणाचा लाल रस्सा. त्याने हात लावला नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मन्हा मनमा काही नही. पन ती नवी गाडी शे. यंदा मी ती चालाडसू."

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "खाय पहिले," म्हणाले.

त्याने खाल्लं. तो गेल्यावर युसूफने पान्हा भिंतीवर फेकला. अब्बा काही बोलले नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. रागावलेले अब्बा मला ठाऊक होते. गप्प बसलेल्या अब्बांचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

पुढे जे झालं ते सनाला सांगितलं तर तिला नवल वाटणार नाही. रतन गेला आणि लोकही गेले. आमचीच जीप, त्याच रस्त्यावर, तेच ब्रेक. पण लोक तिच्यात बसेनात. "रतन नही तं नको," म्हणत. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यासुद्धा आमच्या दारावरून पुढे जायला लागल्या. रतनने सोडलं म्हणजे मिस्त्रीच्या हातात काही राहिलं नसेल, असं एकाने ठरवलं आणि दहा जणांनी मानलं. मिरचीच्या वखारीतला हमाल रोज जाता येता अब्बांना विचारायचा, "उस्मानचाचा, यंदा कोन बसस गाडीमा?" आणि हसायचा. एक दिवस अब्बा त्याला म्हणाले, "मन्हा पोऱ्या." मी पडद्याआड होते. अब्बांसाठी आणलेला चहा मी तसाच आत परत नेला.

युसूफ गाडी चांगली चालवायचा. पण चांगली चालवणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं, हे मला त्या वयातही कळत होतं. तो दिवसभर वर खाली करायला लागला आणि संध्याकाळी येऊन सांगायचा की रतन अमुक वळणाला उगाच घाबरतो. अम्मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरायची. अब्बा एकच म्हणायचे, "गाडी कौन बनाता है? ड्रायव्हर?" हिंदीत. रोज हिंदीत. लोकांना दाखवून द्यायचं होतं त्यांना, की ड्रायव्हर कोणीही बसवा, गाडी आपली असली की झालं. आता या वयात मला ते समजतं. माणसाच्या कामाला कोणी नावं ठेवली तर तो सहन करतो. पण त्याच्या कामाला दुसऱ्याचंच नाव ठेवलं की आत काहीतरी सडायला लागतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी अब्बांनी मला हाक मारली. जीप जॅकवर होती. मी चाक फिरवलं. ते फिरलं, आणि फिरतच राहिलं. कुठे काही लागलं नाही. मी थांबून कान जवळ नेला.

"अब्बा, आवाज नही येत."

"नको शे आज आवाज."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ते जीपखालूनच बोलत होते, त्यांचे पाय तेवढे दिसत होते. "लायनर घासस तं गाडी मागे ऱ्हास. चाक मोकळं पळू दे. दुसरं फिराव."

मी दुसरं फिरवलं. तेही तसंच, भुतासारखं मुकाट्याने फिरलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ब्रेकची एक कळ ढिली सोडली नव्हती, ते माझे अब्बा चारही चाकांचे ब्रेक सोडत होते. चढावर गाडी हलकी पळावी म्हणून. आणि उतारावर? ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ब्रेक आधीच ढिला असेल तर पेडल खाली जातं, आणि खालीच जातं. मी आत पळाले आणि अम्मीला सांगितलं.

अम्मी पुरुषमाणसं असताना गॅरेजमध्ये येत नसे. त्या दिवशी ती पिठाच्या हातांनी आली. "तुम्ही ब्रेक ढिला करेल शेत?"

"थोडासा."

"उतारवर काय करशात?"

"मी बसेल ऱ्हासू ना डावीकडे." ते जीपखालून बाहेर आले. त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं. "मन्हा जीवनी हमी कमी शे का तुले?"

"तुम्ही डावीकडे बसशात," अम्मी म्हणाली, "आनि उजवीकडे मन्हा पोऱ्या बसी. दोन्ही एकच गाडीमा. मांगे माले कोन ठेवी ऱ्हायनात? ही पोर?"

"चुप बैठ!" अब्बा ओरडले.

अम्मी आत निघून गेली. तिच्या बोटांचे पांढरे ठसे जीपच्या दारावर राहिले. युसूफ बाहेरून आला तेव्हा त्याने ते फडक्याने पुसले. कशाचे आहेत, ते त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच जीपमधून घाटाच्या पायथ्याशी गेलो. सपाटीवर ब्रेक लागत होते. पेडल खोल जायचं, पण लागायचं. युसूफला वाटलं, ठीक आहे. मी मागे बसून प्रत्येक वेळी त्याच्या पायाकडे बघत होते. पायथ्याशी माणसांची ही गर्दी! भजी तळली जात होती, ढोल वाजत होता, आणि सगळीकडे एकच नाव चाललं होतं. नव्या जीपवर शेठच्या कंपनीचं नाव चकचकीत पाट्यांवर होतं. तेही कोणी वाचत नव्हतं. रतन आम्हाला पाहून पुढे आला, अम्मीला वाकून सलाम केला. भिकाभाऊ लांब उभा राहून पान चघळत होता. अब्बा आणि तो एकमेकांना दिसलेच नाहीत, म्हणजे दोघांनी तसं ठरवलं होतं.

आम्हा बायकांसाठी चहाच्या टपरीमागे जागा होती. तिथे रतनची आई बसली होती. ती दर वर्षी यायची आणि घाटाकडे पाठ करून बसायची. बघायची नाही, फक्त ऐकायची. अम्मी तिच्याशेजारी बसली. दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळत नसे. म्हातारी पावरीत काहीतरी म्हणाली आणि तिने अम्मीचा हात आपल्या मांडीवर घेतला.

रतन आणि भिकाभाऊला घेऊन नवी जीप सुटली. म्हाताऱ्या ड्रायव्हरने विडी पेटवली. ती विडी संपूच नये असं मला वाटत होतं. माझी सगळी प्रार्थना त्या विडीच्या टोकाशी होती. ती संपली, आणि आमची जीप धुरळा उडवून गेली. डावीकडे अब्बांचं पांढरं डोकं, उजवीकडे युसूफचं काळं. एका वळणाला दोन्ही दिसली, मग झाडी आली.

चढावर आमची जीप अशी पळाली की लोक उभे राहिले. घाटाची वळणं खालून एकावर एक दिसतात, त्यामुळे कोण किती मागे ते कळत होतं. आम्ही अंतर कापत होतो. अब्बांचं म्हणणं खरं ठरत होतं. माझ्या शेजारच्या माणसाने बोटांनी शिट्टी मारली. मग दोन्ही जीपा वर पठारावर गेल्या आणि बराच वेळ काही दिसेना. भजीवाला सुद्धा झारा हातात घेऊन वर बघत होता. मी अम्मीच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. अम्मीचे ओठ हलत होते, पण मला कुराणातली आयत आठवत नव्हती. रोज म्हणायची तीच आठवत नव्हती.

आधी नवी जीप उतरताना दिसली. आणि तिच्यामागे, फार जवळ, आमची. गर्दीने एकदम आरोळी ठोकली. "युसूफ! युसूफ!" पहिल्यांदाच कोणी माझ्या भावाचं नाव घेत होतं. लोक नाचायला लागले. आमच्या दारावरून हसत जाणारा तो हमालही आला होता, तोही ओरडत होता. आमची जीप वळणं अशी घेत होती की चाकाखालचे दगड दरीत उडताना दिसत होते. अंतर कमी होत होतं, आणखी कमी. आणि त्या सगळ्या गोंधळातून मला हॉर्न ऐकू आला.

घाटात हॉर्नची एक भाषा आहे. तुटक वाजवला तर बाजू द्या. पण न तोडता, लांबच लांब वाजवत ठेवला तर ब्रेक गेले, जीव वाचवा. तो तुटत नव्हता. लोकांना वाटलं युसूफ बाजू मागतोय, ते आणखी ओरडले. रतनची म्हातारी आई मात्र ताडकन उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने घाटाकडे तोंड केलं. अम्मीला मला काही सांगावं लागलं नाही. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला की पुढे कित्येक दिवस तिथे निळं होतं. मी ओरडत होते, "ब्रेक गये! ब्रेक गये!" पण मी लहान पोर, माझं कोण ऐकणार? शेजारचा माणूस माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "हां हां, तुन्हा भाऊ जितस!"

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. नवी जीप अचानक मंद झाली. पुढे रस्ता मोकळा असताना रतन वेग कमी करत होता. गर्दीतून नाराजीचा आवाज आला. आमची जीप त्याच्यावर चालून जाताना दिसली, आणि दोन्ही डोंगराच्या एका सोंडेमागे गेल्या. धाडकन आवाज झाला. लोखंडावर लोखंड. मग रबर घासल्याची एक लांब किंकाळी. हॉर्न तुटला. आणि मग काहीच नाही. झाडांवरून धुरळा वर आला आणि तिथेच थांबला. सगळी गर्दी चूप झाली. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला. अम्मी "या अल्ला" म्हणाली नाही, रडली नाही, ती फक्त म्हणाली, "दोन्ही." एवढंच. आज एवढी वर्षं झाली. मी दोन बाळंतपणं पाहिली, नवऱ्याला मातीआड करून आले, पण त्या शांततेइतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. माझ्या पायांवर गरम काहीतरी ओघळलं. मी एवढी मोठी मुलगी, मला त्याची लाजही वाटली नाही.

मग इंजिनाचा आवाज आला. एकाच इंजिनाचा, पहिल्या गिअरमधला, कण्हत आल्यासारखा. सोंडेच्या या बाजूला नवी जीप दिसली, आणि तिच्या मागच्या स्टेपनीला नाक टेकवून आमची. रतनने स्वतःची गाडी आडवी न घालता सरळ धरली होती, आमची अंगावर घेतली होती, आणि दोन्ही गाड्यांचं ओझं आपल्या ब्रेकवर तोलत पावलापावलाने उतरवत होता. आत दोन डोकी होती. एक काळं, एक पांढरं. मी ती पुन्हा पुन्हा मोजली.

पायथ्याशी गाड्या थांबायच्या आत लोकांनी रतनला ओढून बाहेर काढलं. त्याला खांद्यावर घेतलं, ढोल पुन्हा सुरू झाला, आणि "रतन! रतन!" करत सगळा लोंढा भज्यांच्या गाडीकडे निघून गेला. तो मागे वळून आमच्याकडे काहीतरी ओरडून सांगत होता, पण ते ऐकू आलं नाही. काय सांगत होता ते त्याने पुढे आमच्याकडे जेवायला आला तेव्हा सांगितलं. तो हॉर्न ऐकल्यावर त्याने शेजारी विचारलं होतं, "भिकाभाऊ, दोन गाडीना वजन तुन्हा ब्रेक धरी का?" आणि भिकाभाऊ म्हणाला होता, "धरी. थांब." रतन म्हणाला, तो नाही म्हणाला असता तर मी पळालो असतो. मला एकट्याला काय कळतं, मी फक्त पाय दाबतो.

पण हे नंतरचं. त्या वेळी गाड्यांजवळ आम्हीच उरलो होतो. युसूफ चाकाशी बसून ओकत होता. अब्बा डावीकडच्या सीटवरून उतरले नव्हते. अम्मी त्यांच्यापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. भिकाभाऊ नव्या जीपमधून उतरला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं, धक्क्याने चावला गेला असावा. तो आमच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. ड्रममधून धूर येत होता. त्याने मागून हात घालून बघितलं, चटका बसला म्हणून हात झटकला, पुन्हा घातला. मिस्त्रीला मिस्त्रीचं काम हाताला कळतं. त्याला कळलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण तो आता उठून एक वाक्य बोलला असता, उस्मानने ब्रेक सोडले होते, तर आमच्या गॅरेजमध्ये पुन्हा सायकलसुद्धा कोणी आणली नसती.

चहावाला आणि दोन-चार माणसं तोवर जवळ आली होती. एकाने विचारलं, "काय जायनं, मिस्त्री?"

भिकाभाऊ उठला, बाहीने ओठ पुसला. "पाईप फुटना," म्हणाला. "दगड लागना व्हई. त्यामा मिस्त्री काय करी?"

माणसं चुकचुकली आणि रतनच्या दिशेने निघून गेली.

अब्बा उतरले. "भिका," ते म्हणाले, "पाईप नही फुटना. मी..."

"माले माहीत शे," भिकाभाऊ म्हणाला. "पान्हा काढ."

अम्मीने सीटखालून पान्हा काढला आणि अब्बांच्या हातात दिला. ड्रम निवेपर्यंत ते दोघं जमिनीवर बसून राहिले, एकमेकांकडे न बघता. मग एकाने या बाजूचं आणि दुसऱ्याने त्या बाजूचं चाक घेतलं. अब्बांच्या हातातून पान्हा दोनदा निसटला. मग त्यांनी मला हाक मारली. मी ओल्या सलवारीत तशीच गेले आणि चाक फिरवलं. खर्र. "बस," भिकाभाऊ म्हणाला, अब्बांच्या आधी.

निघताना अब्बा सवयीने डावीकडे वळले, तर तिथे अम्मी बसलेली होती. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, नजर समोर. शहाद्यापर्यंत सगळा गाव रस्त्याने चाललेला, आणि आमची अम्मी पुढच्या सीटवर! तिने अब्बांकडे पाहिलं नाही. युसूफला म्हणाली, "चाल. सावकाश." अब्बा मागे आले आणि माझ्याशेजारी बसले. मागची जागा अरुंद होती, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला. तो थरथरत होता. मला वाटलं इंजिनामुळे असेल. पण वाटेत लोंढ्यासारखी मेंढरं आडवी आली, युसूफने गाडी थांबवून इंजिन बंद केलं, आणि तरीही अब्बांचा गुडघा थांबला नाही.